सफरचंदांची नाडी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की रीडिंग शहरातल्या आमच्या रस्त्यावर सफरचंदं सुटली आहेत. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. पायांखाली बघून चालावं, मुलांना आवरावं, आणि एखादा प्रेमळ चेहऱ्याचा शेजारी जड पिशवी घेऊन फाटकाशी घुटमळताना दिसला, तर पडदे ओढून आवाज न करता बसावं. तो आपोआप पुढच्या घरी जाईल.

दर सप्टेंबरात हे होतं. एरवी इथला माणूस शेजाऱ्याशी हवामानापलीकडे जात नाही. पण मागच्या अंगणातलं झाड फळांनी वाकलं, की त्याचा धीर सुटतो. घराघरांपुढे पुठ्ठ्याची खोकी येतात, त्यांवर हाताने लिहिलेल्या पाट्या येतात. 'हवी तेवढी न्या.' 'खाली पडलेली, पण चांगली.' 'कृपा करून न्याच.' ही तिसरी पाटी वाचताना लिहिणाऱ्याचा गळा दाटून आला असावा असं वाटतं. खोक्यातली फळं दुकानातल्यासारखी गुळगुळीत नसतात. वाकडी, खरबरीत, एका गालावर ऊन लागून लाल झालेली, दुसऱ्या गालावर किड्याने दार पाडलेली. त्यांच्यावर गांधीलमाश्या बसलेल्या असतात, आणि दुपारपर्यंत त्या इतक्या झिंगलेल्या असतात की त्यांना उडायचं कसं ते आठवत नाही. त्या चालत घरी जातात.

परवा ब्रॅकनेलच्या ऑफिसातून परतताना स्टेशनापासून चालत येत होते. वळणावरच्या घरापुढे असंच एक खोकं होतं. तळाची फळं फुटली होती, आणि तो वास आला. आंबट, गोड, जरासा ओल्या गोणपाटासारखा. माझा हात आपोआप पर्समधल्या मोबाइलकडे गेला. नाडी बघायला. मग माझं मलाच हसू आलं. ज्या रुग्णाची नाडी बघायची, तो आता या जगात नाही. कसा गेला, ते यथावकाश सांगते.

काही वर्षांपूर्वीच्या त्या हंगामाची सुरुवात कुंपणावरून झाली. आमच्या डावीकडच्या घरात तेव्हा डोरीन राहायची. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. तिच्या मागच्या अंगणात सफरचंदाचं एकच झाड होतं. त्याची जात कोणती ते कोणालाच माहीत नव्हतं. कच्चं खाल्लं तर दात आंबायचे, शिजवलं तर मऊ लगदा व्हायचा, आणि वास असा की ऑगस्ट संपता संपता आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही लागायचा.

एका सकाळी कपडे वाळत घालत होते, तर कुंपणावर डोरीनचं डोकं उगवलं.

"मंज, लव्ह, घर विकलं मी."

माझं नाव मंजिरी. डोरीनने पहिल्याच दिवशी त्यातला निम्मा भाग परत केला होता.

ती मेडनहेडला जाणार होती. मुलाच्या घराजवळ वयस्कर लोकांसाठी बांधलेले फ्लॅट होते, त्यातला एक. नाताळच्या आधी ताबा. नव्या मालकांना मागे काचेची खोली वाढवायची होती, म्हणजे झाड जाणार. हे सगळं तिने ट्रेनचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "तिथं खाली सगळ्यांसाठी एक लाउंज आहे. मी बघायला गेले, तेव्हा सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत आपापल्या कपात पाहायला लागले. नवी म्हातारी कोणाला नको असते, मंज. पण बाटली घेऊन आलेली नवी म्हातारी, ती वेगळी. तू ते बिअर वगैरे करतेस ना घरात? या वर्षी माझ्या झाडाची साइडर कर."

"आणि बिघडली तर?" मी विचारलं. साइडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली हलकी दारू, आणि ती बिघडली की नुसतं व्हिनेगर उरतं.

"बिघडून चालणार नाही. वाईट साइडर घेऊन गेले, तर मी मरेपर्यंत वाईट साइडरवाली म्हातारी राहीन. त्यापेक्षा रिकाम्या हाताने जाईन."

असा खटला माझ्याकडे आला. एक झाड, त्याचा शेवटचा बहर, पुन्हा संधी नाही. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या कामातल्या चुका शोधून काढायचे मला पैसे मिळतात, आणि खरं सांगायचं तर फुकटही शोधते. मी छातीवर हात ठेवून डोरीनला म्हणाले, "काळजी सोडा. मी तिच्यावर चोवीस तास लक्ष ठेवीन." या वाक्यातल्या लक्ष ठेवण्यानेच पुढचं सगळं घडवलं.

रस काढायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सफरचंदं फूड प्रोसेसरमधून बारीक केली, पंच्यात बांधली आणि चक्का टांगतात तशी सिंकच्या नळाला टांगली. रीडिंगच्या त्या नळाने बराच काळ बिचाऱ्यासारखी मान खाली घातली होती. रस सावकाश टपकत राहिला, फिकट पिवळा, बघता बघता तपकिरी. पंचा पिळायला माझा नवरा होता. मिलिंद नागपूरचा. पंचशीलातलं पाचवं शील तो काटेकोर पाळतो, त्यामुळे माझ्या होमब्रूशी, म्हणजे घरी केलेल्या बिअरशी, त्याचा संबंध पोटच्या गोळ्यासारखा नसून सोसायटीच्या शेजाऱ्यासारखा आहे. भेटला तर नमस्कार, एरवी आपापलं दार बंद.

"हा अजून रस आहे, म्हणून पिळून राहिलो," तो पंच्याला पीळ देत म्हणाला. "उद्या त्यात यीस्ट पडलं की मी नाही. मी पीत नाही न् पाजत बी नाही."

"तुला कोण पाजतंय? तू फक्त पीळ."

रस काचेच्या मोठ्या बरणीत भरला, यीस्ट घातलं, तोंडाला बूच बसवलं. त्या बुचात एक वळणाची काचेची नळी असते आणि नळीत थोडं पाणी. रस आंबायला लागला की आतला वायू त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. बुडबुडे जोरात म्हणजे रुग्ण धडधाकट. बुडबुडे थांबले म्हणजे एक तर काम झालं, नाही तर रुग्ण गेला. जगातले सगळे शहाणे लोक बरणीसमोर उभे राहून हे बुडबुडे डोळ्यांनी बघतात. पण आमची बरणी जिन्याखालच्या कपाटात होती. तिच्यापुढे व्हॅक्युम क्लीनर, त्याच्यापुढे इस्त्रीचा बोर्ड, त्याच्यापुढे बासमतीचं पोतं. बुडबुडा बघायचा तर आधी घर बदलल्यासारखं सामान हलवायचं. आणि मुळात, मी चोवीस तास लक्ष ठेवणार होते.

तेव्हा मी वैद्यबुवांना जन्म दिला.

वैद्यबुवा म्हणजे काड्यापेटीएवढं सर्किट, त्याला हरभऱ्याएवढा माइक, आणि वायफाय. माइक नळीला चिकटवायचा, त्याने बुडबुड्याचा आवाज ऐकायचा, दर बुडबुड्याला एक आकडा वाढवायचा, आणि तासातासाचा ग्राफ माझ्या मोबाइलवर पाठवायचा. वैद्यबुवांनी नाडी धरायची, मी रिपोर्ट वाचायचा. किती सुंदर. ते सुंदर चित्र पहिल्या संध्याकाळी आडवं झालं. बुवांना काहीच ऐकू येत नव्हतं. मी माइकच्या तारा पुन्हा जोडल्या. मग त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला फ्रीज सुरू झाला की बुवा भराभर आकडे ओरडायचे, बॉयलर पेटला की शुद्ध हरपायची. हजारो बुडबुडे. इतके की बरणी उडून छताला लागली असती.

मी हार मानणाऱ्यांतली नाही. शनिवार-रविवार कपाटात डोकं घालून बसले, पाठीमागे बासमतीचं पोतं टेकायला. बुवांना शिकवलं: सारखी घरघर येते ती सोडून द्या. शांतता असताना एखादा सुटा, भरीव ठोका येतो ना, डुब्बकन, तेवढाच मोजा. थोडं कमी, थोडं जास्त, पुन्हा कमी. आणि मग सोमवारी सकाळपासून तो ग्राफ यायला लागला.

काय वर्णन करू. सकाळी एक लहानशी टेकडी. दुपारभर सपाट. संध्याकाळी एक मोठी टेकडी. मग रात्रभर पुन्हा सपाट. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. रविवारी तर टेकडीचा डोंगर झाला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून तो ग्राफ बघायचे आणि चेहरा बजेटविषयी चिंतातुर ठेवायचे.

आता कोणीही विचारेल, यीस्टसारखा अर्धामुर्धा जीव सकाळ-संध्याकाळ का पाळेल? मीही विचारलं. आणि, मला प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत चैन पडत नाही, म्हणून उत्तर तयार केलं. यीस्ट सजीव आहे. सजीवांना दिनक्रम असतो. कपाटाच्या दाराच्या फटीतून उजेड येतो. रविवारी घर जास्त वेळ गरम असतं. सिद्धांत इतका घट्ट बसला की महिन्याला एकदा पबच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या आमच्या होमब्रू मंडळापुढे मी त्यावर भाषण ठोकलं. भिंतीवर ग्राफ, हातात पट्टी. सगळे सभ्यपणे ऐकत होते. भाषण संपल्यावर मंडळाचे दाढीवाले अध्यक्ष म्हणाले, "फारच रंजक." इंग्रज माणूस 'फारच रंजक' म्हणतो तेव्हा त्याला एक अक्षरही पटलेलं नसतं, हे इतकी वर्षं इथं राहून मला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी मी ते पदक समजून घरी आणलं.

डोरीन रोज कुंपणावरून विचारायची, "कशी आहे ती?"

मी मोबाइल तिच्यासमोर धरायचे. ती चष्मा कपाळावरून खाली आणून टेकड्या बघायची. "सकाळी उठते, संध्याकाळी कामाला लागते, रविवारी जास्त कष्ट करते," ती म्हणायची. "माझ्या आईसारखी आहे." आणि खुशीत आत जायची. तिने लहान लेबलं आणून ठेवली होती, बाटल्यांवर लावायला. आतमध्ये खोकी भरायला घेतली होती. उघड्या दारातून दिसायचं, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते.

तो ऑक्टोबर मला आता वासांनी आठवतो. बाहेर कुजणाऱ्या पानांचा, शेजारच्या चिमणीतून येणाऱ्या लाकडाच्या धुराचा, आणि घरात आल्याचा, लसणाचा. मिलिंदचं स्वयंपाकघर फार शिस्तीचं. चहाचं आलं किसलेलं त्याला चालत नाही, ठेचलेलंच हवं. संध्याकाळी लसूण-मिरचीचा ठेचा ताजाच हवा. मिक्सरला तो हात लावत नाही. "मिक्सरात ठेचा होत नाही, त्याचा नुसता चिखल होते," असं त्याचं मत आहे, आणि या मतासाठी त्याने नागपूरहून विमानातून लोखंडी खलबत्ता आणला आहे. त्या बॅगेत बाकी काहीच बसलं नव्हतं.

मग आम्ही दोघं एका शनिवारी मिडलंड्समध्ये गेलो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला. दरवर्षी जातो. हॉल भरलेला, पांढऱ्या कपड्यांची गर्दी, वंदनेचा एका सुरातला आवाज, मग भाषणं, मग मोठ्या पातेल्यातलं जेवण. मुक्काम मिलिंदच्या मावसबहिणीकडे. रविवारी सकाळी तिच्या सोफ्यावर बसून मी सवयीने मोबाइल उघडला.

ग्राफ सपाट. शनिवार सकाळपासून एक रेघ, सरळ, जमिनीला चिकटलेली. टेकडी नाही, उंचवटा नाही, साधा खडा नाही.

"मिलिंद," मी म्हणाले, "ती गेली."

त्याची मावसबहीण दचकून बाहेर आली. कोण गेलं हे तिला समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला, आणि समजल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून लक्षात आहे. परतीच्या रस्त्यावर मी गप्प आहे हे बघून मिलिंदने दोनदा गाडी थांबवून मला पाणी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर डोरीन होती, त्या लाउंजमध्ये दाराशी उभी, दोन्ही हात रिकामे, आणि सगळे आपापल्या कपात बघतायत.

घरात शिरल्या शिरल्या मी कोट न काढता कपाटातलं सामान ओढायला सुरुवात केली. मिलिंद म्हणाला, "आधी चहा घे, मग रड." आणि स्वयंपाकघरात गेला. मी बासमतीच्या पोत्याला मिठी मारून ते मागे सरकवत होते, मोबाइल जमिनीवर उघडा. भिंतीपलीकडून आवाज आला. डुब्. मोबाइलवर आकडा एकने वाढला.

मी थांबले. डुब्, डुब्. आकडा दोनने वाढला.

"मिलिंद, थांब."

आवाज थांबला. आकडा थांबला.

"आता एकदाच ठेच."

"आलं एकदाच ठेचून कसं होईल वो?"

"एकदाच."

डुब्. एक.

मी तिथंच जमिनीवर बसले. वैद्यबुवांचा काही दोष नव्हता. मी त्यांना जे शिकवलं ते त्यांनी प्राण ओतून केलं होतं. घरघर सोडायची, सुटा भरीव ठोका मोजायचा. सकाळची लहान टेकडी म्हणजे चहाचं आलं. संध्याकाळची मोठी टेकडी म्हणजे ठेचा. आणि रविवारचा तो भव्य डोंगर, ज्याच्यापुढे मी हातात पट्टी घेऊन उभी राहिले होते, तो म्हणजे आठवड्याचं शेंगदाण्याचं कूट.

मिलिंद खलबत्ता हातात घेऊन कपाटाच्या दारात आला. त्याने मोबाइल बघितला, माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या बत्त्याकडे. "म्हणजे एवढे दिवस तू मलेच मोजून राहिली होती," तो म्हणाला. आणि हसायला लागला. असा हसला की त्याला भिंत धरावी लागली. बुवा तेही मोजत होते.

ते ग्राफ मी अजून ठेवले आहेत. कधीतरी उघडून बघते. यीस्टबद्दल त्यांतून काही कळत नाही, पण आमच्या घराबद्दल कळतं. एका गुरुवारी सकाळची टेकडीच नाही: त्या दिवशी मिलिंदला ताप होता आणि मी पिशवीचा चहा केला होता. एका संध्याकाळची टेकडी फारच उंच आणि अणकुचीदार आहे: त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, आणि मिरच्यांनी ते सोसलं. किती घरांत असं काही नोंदवलेलं असेल? आपण एका गोष्टीकडे कान लावतो आणि दुसरीच ऐकतो, आणि ती दुसरी पुष्कळदा जास्त खरी असते. पण हे शहाणपण नंतरचं. त्या रविवारी मला शहाणपण नको होतं, साइडर हवी होती.

बरणी बाहेर काढली. नळीतलं पाणी आरशासारखं स्थिर. रसात काचेची तरंगती दांडी सोडली. साखर जितकी उरलेली तितकी ती वर तरंगते. ती जवळजवळ पहिल्या दिवसाइतकीच वर होती. म्हणजे रस जेमतेम सुरू झाला होता आणि निजला होता. बरणीला हात लावला, तर बर्फ. जिन्याखालचं ते कपाट बाहेरच्या भिंतीला लागून. बाहेर ऑक्टोबर. यीस्ट बिचारं गारठून तळाशी गोळा होऊन पडलेलं, आणि वर मी त्याच्या दिनक्रमावर व्याख्यान देत हिंडत होते. बूच काढून वास घेतला. सफरचंद, थोडा पावाचा वास. व्हिनेगर नव्हतं. अजून नव्हतं. असंच पडून राहिलं तर किती दिवस 'अजून' म्हणता येईल, ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कुंपणावर डोकं.

"कशी आहे ती?"

"झोपली आहे," मी म्हणाले.

"इतका वेळ?"

"डोरीन, ते टेकड्यांचं जरा वेगळं निघालं." मी सगळं सांगितलं. ती न हसता ऐकत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं.

"मग ती मेली का?"

"नाही."

"नक्की?"

"उद्या सांगते."

"मंज, लव्ह," ती कुंपणावरचा हात काढत म्हणाली, "मी तशीही जाईन. तू जिवाला लावून घेऊ नकोस." आणि आत गेली. लेबलांबद्दल तिने काही विचारलं नाही. ते मला लागलं. माणूस आशा सोडतो तेव्हा तो फार सभ्य होतो.

मग मी पदर खोचला. पदर नव्हता, पण खोचला. ऑफिसला कळवलं की घरी आजारी माणूस आहे. बरणी उचलून वरच्या मजल्यावर नेली. तिथं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे. इथले लोक त्यात टॉवेल आणि चादरी उबदार ठेवतात. आमच्या चादरी बाहेर आल्या, साइडर आत गेली. भोवती आईने शिवलेली गोधडी. मग नवं यीस्ट कोमट पाण्यात, चिमूटभर साखर घालून, वाटीत. विरजणाला जशी जागा शोधतो, झाकतो, आणि मग उगाचच जाऊन बघतो, तसंच. वाटीत फेस आला. त्यात थोडा थोडा रस घालत यीस्टला माणसाळवलं, आणि मग सगळं बरणीत सोडलं.

आता बुवांची पाळी. कान काढले, डोळे लावले. नळीच्या एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा सेन्सर. मधून बुडबुडा गेला की उजेड लुकलुकतो, आकडा वाढतो. खलबत्ताच काय, वरातीचा बँड आला तरी बुवांना फरक पडणार नाही. मी दोन्ही तुकडे नळीला पोस्टर चिकटवायच्या निळ्या लगद्याने लावले, दार लावलं, खाली आले.

शून्य. दुपार झाली, शून्य. संध्याकाळी, शून्य.

आणि इथं खरी परीक्षा होती. शून्य दोघांपैकी कोणाचंही असू शकत होतं. साइडर मेली असेल आणि बुवा खरं बोलत असतील. किंवा साइडर जिवंत असेल आणि बुवा आंधळे असतील. ऑफिसात मी हेच करते: बिघाड कामात आहे की तपासणीत, हे आधी ठरवते. तिथं मी कमालीची थंड असते. इथं मी दर पाच मिनिटांनी जिना चढत होते. मी दार उघडलं, गोधडी बाजूला केली. बघते तर टाकीच्या उबेने निळा लगदा मऊ होऊन खाली ओघळला होता. दिवा जमिनीकडे बघत होता, सेन्सर छताकडे. बुवा पेंगले होते.

मी लगदा बदलला. तो ओघळला. टेप लावली. ती सुटली. रबरबँड लावला. तो नळी वाकडी करत होता. पायरीवर बसून मी कापल्या बोटाला टेप गुंडाळत होते, तेवढ्यात मिलिंद कपड्यांची घडी घेऊन वर आला.

"काय करून राहिली?"

"बुवांचे डोळे जागेवर राहत नाहीयेत."

त्याने कपाटात डोकावून पाहिलं. मग बरणीकडे, जणू ती एखाद्या दूरच्या नातेवाइकाची मुलगी आहे. "मी पीत नाही न् पाजत नाही," तो म्हणाला. "पण तार सुटली असेल तर जोडून देतो. त्याला शीलात मनाई नाही." हातातल्या कपड्यांवरचा एक लाकडी चिमटा त्याने काढला. चिमट्याच्या दोन टोकांना दोन बारीक भोकं पाडली. एका भोकात दिवा, दुसऱ्यात सेन्सर. तारा सोल्डर केल्या, जिभेचं टोक दातांत धरून, जसं तो ठेच्यात मीठ घालताना धरतो. मग चिमटा उघडला आणि नळीला लावला. चिमटा नळीला धरून बसला. दिवा आणि सेन्सर समोरासमोर, हलायची सोय नाही. साधा कपडे वाळत घालायचा चिमटा.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. मोबाइल मध्ये. बराच वेळ काही नाही. खाली कोणीतरी दारातून जाहिरातीचा कागद टाकला. पाइपांतून पाणी सरकल्याचा आवाज. मग गोधडीच्या आतून, अगदी लहान, ढेकर द्यावी तसा एक आवाज आला. आणि मोबाइलवर एक.

मिलिंदने आपल्या दोन्ही हातांची बोटं वर करून मला दाखवली, की बघ, मी काही ठेचत नाहीये.

पुढचे आठवडे मी जो ग्राफ बघितला, त्यावर भाषण ठोकण्यासारखं काही नव्हतं. तो आठवडाभर चढला, आणि मग इतका सावकाश उतरला की डोळ्यांना कळू नये. टेकडी नाही, डोंगर नाही, रविवार नाही. खरी गोष्ट अशीच असावी बहुतेक. दिवाळी आली, चकल्या झाल्या, बाहेर पाच वाजताच अंधार पडायला लागला, आणि वरच्या कपाटात ती मुकाट काम करत राहिली. कुंपणावर डोरीनला मी आकडे सांगायचे. पहिल्या दिवशी ती फक्त "हं" म्हणाली. आठवड्याने विचारलं, "लेबलावर नाव काय लिहू?"

साइडर निवळली. फिकट सोन्यासारखी, बरणीतून पलीकडचा पडदा दिसेल इतकी. बाटल्या भरल्या, लेबलं लागली. डोरीनने लेबलावर आपलंच नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात. "त्यांना नाव लक्षात राहायला हवं," ती म्हणाली.

तिच्या झाडाच्या जागी आता काचेची खोली आहे. संध्याकाळी तिथं दिवा लागतो, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्याचा उजेड येतो. मी त्या लोकांशी चांगली बोलते. पण ऑगस्ट संपता संपता कपड्यांना वास येत नाही, आणि दरवर्षी एक दिवस मी उगाच चादर नाकाशी नेते.

मेडनहेडला बाटल्या पोचवायला मीच गेले होते, ती राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी. लाउंजमध्ये चहाची वेळ होती. खिडकीशी खुर्च्यांचं अर्धवर्तुळ, त्यात सगळे आपापल्या कपांत बघत बसलेले. डोरीन दाराशी उभी राहिली, ताठ, दोन्ही हातांत दोन बाटल्या. तिच्या गालाचा एक स्नायू हलत होता. मी इतक्या वर्षांत तिला घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मी तिच्या एका हातातली बाटली घेऊन उघडली. फुस् झालं. दोन-तीन डोकी वर आली. लहान ग्लासांत थोडी थोडी ओतून डोरीनने ती फिरवली. कोणी म्हणालं, थँक्यू. कोणी म्हणालं, घरची का? अर्धवर्तुळाच्या मध्यभागी मोत्यांची माळ घातलेली एक बाई होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिने आपली भलीमोठी हँडबॅग ठेवली होती. आल्यापासून तिने एक शब्द काढला नव्हता. बाकीचे तिच्याकडे बघून मगच ग्लास तोंडाला लावत होते, त्यावरून या राज्याची राणी कोण ते कळत होतं. तिने एक घोट घेतला. तोंडात फिरवला. खिडकीबाहेर पाहिलं. दुसरा घोट घेतला, या वेळी मोठा. डोरीन तिच्यासमोर उभीच, हातात बाटली.

मग त्या बाईने वाकून हँडबॅग खुर्चीवरून उचलली, खाली जमिनीवर टाकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उभी काय राहिलीस, बस इथं. आणि ती बाटली माझ्या बाजूला ठेव."